संध्याकाळी सातचा डोंगर

पुण्याहून पहाटेच्या विमानानं निघालो.
बॅगेत एक शर्ट, दोन चार्जर
आणि एक आलेख, ज्यावर आमची अख्खी टीम खूश होती.
त्यात रोज संध्याकाळी सातला एक डोंगर उभा राहायचा.
लोक सातला ॲप उघडतात, असं तो म्हणायचा.
मग आम्ही तीन आठवडे खपून
सातसाठी काळा पडदा केला, डोळ्यांना गार,
कोपऱ्यात छोटासा चंद्र.
चंद्राच्या रंगावर दोन बैठका झाल्या.
मी निळसर म्हणत होतो.

विमानतळाबाहेर ऑटोवाले हातवार म्हणाले,
"कळमन्याले जाता? मिरचीत?
मंग पांढरा शर्ट कायले घातला जी?"
माझ्या चाळीस पानांत
या प्रश्नाला जागा नव्हती.

यार्डात शिरलो आणि शिंकलो.
पाच, सहा, नऊ.
मोजणं सोडून दिलं, आणि मोजायलाच तर आलो होतो.
तापल्या पत्र्याखाली लाल ढीग, पोती, सुतळी,
नाकावर दुपट्टे बांधलेले हमाल,
आणि काट्याजवळ इंदुमती नंदागवळी,
आमच्या यादीत वापरकर्ता क्रमांक एक्केचाळीस.
फोन पॉलिथिनच्या पिशवीत. पिशवीला रबर.

पोतं चढलं. अडतीस किलो चारशे.
फोनला त्यांनी हात लावला नाही.
कानामागचं बॉलपेन काढलं
आणि डाव्या मनगटावर लिहिलं.
मग पुढचं पोतं, त्याच्यावर पुढचं.
जेवणाच्या सुट्टीपर्यंत आकडे कोपराला टेकले.

मी खाकरून विचारलं, ॲप?
"बोटं पाहा माझे.
तिखट लागलं का तुमचा फोन आंधळा होते.
अन् बाराच्या पुढं तोच म्हणते, मी तापलो, मले सोडा.
मी काहून त्याच्या मांगं लागू?
घरी जाते, हात धुते,
मंग मी वाचते अन् पोरगी टाकते भराभर.
सात वाजते."

सात वाजते.

आणि हात धुताना साबण कधी मनगटावर चढतो,
पहिला आकडा पुसला जातो.
"एकच तर जाते," त्या म्हणाल्या, "मालक भांडत नाही."
रोजची पहिली नोंद गहाळ!
समीहननं दोन महिने सर्व्हर उलटापालटा केला होता,
रात्री दोनला मला निरोप धाडले होते,
सापडेल सर, जवळ आलोय.
त्याला काय सांगू, साबण आहे म्हणून?

वर्धा रोडच्या हॉटेलात रात्री अहवाल उघडला.
"शिकलेले धडे" असं ठळक लिहिलं
आणि खाली कर्सर लुकलुकत बसला.
पहिल्या मुद्द्यापुढे मनगट येत होतं,
दुसऱ्यापुढेही तेच.
आलेख खोटा नव्हता, एवढं मात्र खरं.
त्यानं वेळ बरोबर सांगितली होती.
ती कशाची वेळ, हे आम्ही आपलं ठरवून टाकलं,
वातानुकूलित खोलीत,
स्वच्छ बोटांनी.

सकाळी विमानाला उशीर.
गेटवरूनच मीटिंगला बसलो,
आणि बोलता बोलता, सवयीनं, डोळा चोळला.
नखात कळमना शिल्लक होतं.
पडद्यावरचे सहा चेहरे गप्प झाले.
"सर, तुम्ही रडताय का?"
"चंद्र काढा," मी म्हणालो.
"काळा पडदा काढा. बटण मोठं करा,
बोटाच्या पेरानं दाबलं तरी चालेल इतकं मोठं.
आणि समीहन, तू झोप."
डोळ्यातून धार लागली होती,
त्यामुळे कुणी वाद घातला नाही.
इतक्या झटकन मंजुरी मला एरवी कधी मिळालेली नाही.

शर्ट अजून गुलाबीच आहे.
प्रवासखर्चात टाकला होता, लेखा विभागानं परत पाठवला:
पावती नाही, आणि कारण अपुरं.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं,
बघायला गेलो होतो.